जावयांचा स्क्रीनशॉट आणि विद्यार्थ्याचा कागद

पत्र: ताई, नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आर्वी तालुक्यात राहतो, थोडी संत्र्याची बाग आहे. येत्या जानेवारीत आमच्या लग्नाला ४० वर्षं होतात. मुलगी, जावई (पुण्याला असतात) आणि दोन नातवंडं (वय ११ आणि ७) असे मिळून सहा जणांनी मुंबई–गोवा क्रूझ करावी असं ठरलं आहे. जावई म्हणतात, ऑनलाइन बुक करू, एजंट म्हणजे मधला खाणारा. इकडे आर्वीत माझा एक जुना विद्यार्थी विम्याचं आणि टूरचं काम करतो. तो म्हणतो, "गुरुजी, तुमी कायले टेन्शन घेता, मी आहो नं!" पण त्याचा आकडा जावयांच्या आकड्यापेक्षा २६,००० रुपयांनी जास्त आहे, आणि पैसे त्याच्या मोबाइल नंबरवर टाका म्हणतो. त्याला नाही म्हटलं तर गावात तोंड चुकवत फिरावं लागेल, जावयांना नाही म्हटलं तर घरात. दोघांचे कागद सोबत जोडले आहेत. काय करू?
– एक निवृत्त शिक्षक, आर्वी तालुका, जि. वर्धा

(पत्राच्या तळाशी, वेगळ्या शाईत आणि वेगळ्या अक्षरात: "खिडकी पाहिजे. बाकी काही बी चालते.")

गुरुजी, सप्रेम नमस्कार. काकूंनाही.

आधी एक कबुली देते. मी स्वतः अमरावतीत अठरा वर्षं तिकिटांचं दुकान चालवलं. रेल्वे, विमान, चारधाम, आणि शेवटी शेवटी सिंगापूरच्या क्रूझसुद्धा. म्हणजे जावईबापू ज्याला मधला खाणारा म्हणतात, त्याच जातकुळीतली मी. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, आता कुणाचं कमिशन माझ्याकडे येत नाही. तरी हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

तुमचे दोन्ही कागद मी चष्मा लावून शेजारी शेजारी ठेवून वाचले. तुम्ही विचारताय की ऑनलाइन घ्यावं की एजंटकडून. पण हे दोन कागद एकाच मालाचे नाहीतच. जावयांच्या स्क्रीनशॉटवर बारीक अक्षरात "इंटिरिअर गॅरंटी" लिहिलंय. विद्यार्थ्याच्या कागदावर "ओशन व्ह्यू" आहे, दोन खोल्या, आणि शेवटी "सर्व करांसह". एकानं गावरान तुरीचा भाव सांगितला, दुसऱ्यानं डाळीचा. त्यांची वजाबाकी करून २६,००० चा फरक काढला तर तो एजंटच्या खिशात गेला असं कसं म्हणायचं?

खोल्यांचं थोडं सविस्तर सांगते, कारण अख्खा व्यवहार इथेच अडतो. क्रूझवर ढोबळ मानानं चार प्रकारच्या खोल्या असतात. इंटिरिअर म्हणजे जहाजाच्या पोटातली, जिला खिडकीच नाही. दिवा मालवला की आत काळाकुट्ट अंधार, सकाळचे सात वाजले की रात्रीचे दोन हे घड्याळ बघून कळायचं. दोन रात्री झोपायला ती वाईट नाही, आणि सगळ्यात स्वस्त तीच. ओशन व्ह्यूला खिडकी असते, बहुतेक वेळा न उघडणारी, जाड काचेची. त्यावर बाल्कनीवाली, आणि सगळ्यात वर स्वीट, म्हणजे सगळ्यात मोठी आणि महाग खोली. मुंबईहून सध्या जे एम्प्रेस जहाज कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या नावानं फिरतं, ते १९९० साली फ्रान्समधल्या सेंट-नाझेरच्या गोदीत बांधलेलं, साधारण २१० मीटर लांबीचं जहाज आहे. त्या काळी प्रत्येक खोलीला बाल्कनी द्यायची पद्धत नव्हती, म्हणून अशा जहाजावर बाल्कनीच्या खोल्या थोड्या आणि महाग असतात. तेव्हा तुमच्यासाठी प्रश्न खिडकी की बिनखिडकी एवढाच आहे. आणि त्याचं उत्तर काकूंनी तळाशी देऊन ठेवलंय, फक्त ते ना जावयांनी वाचलं ना विद्यार्थ्यानं.

आता त्या "गॅरंटी" शब्दाविषयी. तो ऐकून आपल्याला वाटतं की पक्कं झालं. होतं उलटंच. गॅरंटी म्हणजे तुम्हाला त्या प्रकारची, किंवा क्वचित त्याहून वरची, खोली मिळेल एवढीच हमी. खोलीचा नंबर कंपनी नंतर, आपल्या सोयीनं देणार. स्वस्त पडतं ते त्यामुळेच. एकट्यादुकट्यानं खुशाल घ्यावं. कुटुंबानं घेऊ नये, आणि हे मी स्वतः ठेच खाऊन शिकले आहे. वरुडकडच्या एका घराला मी सिंगापूरच्या क्रूझवर अशाच दोन गॅरंटी खोल्या काढून दिल्या होत्या. आजी-नात एका खोलीत, मुलगा-सून दुसऱ्या. जहाजावर गेल्यावर कळलं की एक खोली पुढच्या टोकाला, दुसरी मागच्या टोकाला, आणि मधे दोन मजले. आजी पहिल्या रात्री मुलाची खोली शोधायला निघाल्या आणि सगळे कॉरिडॉर सारखेच दिसतात म्हणून पाऊण तास फिरत राहिल्या. परत आल्यावर त्या मला काही बोलल्या नाहीत. त्यांच्या सुनेनं बोलून घेतलं. चूक कंपनीची नव्हती, माझी होती. पैसे वाचवून दिल्याच्या आनंदात मी त्यांना गॅरंटीचा अर्थच सांगितला नव्हता.

तेव्हा तुम्ही नंबर असलेल्या खोल्या घ्या, एकमेकींना लागून किंवा समोरासमोर. नातवंडं आईवडिलांजवळ झोपणार असतील तर त्यांची खोली चौघांची लागेल. अशा खोलीत दोन बिछाने भिंतीतून किंवा छतातून खाली उतरतात, रेल्वेच्या वरच्या बर्थसारखे. सात वर्षांच्या पोराला तो बर्थ म्हणजे पर्वणी. पण चार जणांच्या खोल्या जहाजावर मोजक्याच असतात आणि सुट्ट्यांच्या तारखांना त्या आधी जातात. म्हणून तारीख ठरली की आधी ती खोली धरा, तुमच्या दोघांची शोधणं त्यामानानं सोपं.

आता भावाचं. जावयांनी काढलेला स्क्रीनशॉट पहिल्या पानाचा आहे. क्रूझचं पहिलं पान नेहमी गोड असतं. तिथे भाडं माणशी लिहिलेलं असतं, आणि तेही एका खोलीत दोघं आहेत असं धरून. त्यावर बंदराचे आकार चढतात, जीएसटी चढतो, आणि कुठे कुठे जहाजावरच्या नोकरवर्गाची टिपसुद्धा बिलातच येते. खरा आकडा "पैसे भरा" हे बटण दाबायच्या आधीच्या शेवटच्या पानावर दिसतो. जावयांना सांगा, तिथपर्यंत जा, ओशन व्ह्यू निवडा, दोन खोल्या, दोन मुलं त्यांच्या वयासकट घाला, आणि तो शेवटचा आकडा लिहून काढा. पैसे मात्र भरू नका. मग तो आकडा आणि विद्यार्थ्याचा कागद समोरासमोर ठेवा. माझा अंदाज, २६,००० मधले बरेचसे हजार तिथेच विरघळतील.

जे उरतील ते विद्यार्थ्याचे. इथे एक गोष्ट जावयांना समजावून सांगायला हवी, आणि ती तुम्ही संत्र्याच्या भाषेत सांगू शकता. फळांची अडत, म्हणजे दलाली, आता नियमानं शेतकऱ्याच्या पट्टीतून कापत नाहीत, घेणाऱ्याकडून घेतात. क्रूझमध्ये तुम्ही घेणारे असलात तरी अडत तुमच्यावर नाही. एजंटचं कमिशन कंपनी आपल्या भाड्यातून देते. म्हणून तीच खोली, तीच तारीख असेल तर कंपनीच्या साइटवरचा भाव आणि एजंटचा भाव साधारण सारखाच यायला हवा. एजंट जास्त मागत असेल तर ती त्याची स्वतःची फी. फी मागणं गुन्हा नाही. मीही मागायची. पण ती बिलात वेगळ्या ओळीत दिसली पाहिजे. सहा जणांच्या बुकिंगला दोन-अडीच हजार मला वावगे वाटत नाहीत. दहा हजार असतील तर हात जोडून विचारा, "बाळा, हे कशाचे?"

दुसरं म्हणजे, "ऑनलाइन" हा एकच दरवाजा नाही. कंपनीची स्वतःची साइट हा एक. विमान-हॉटेलच्या मोठ्या पोर्टलवरून घेतलं तर तेही ऑनलाइनच, पण ते पोर्टल म्हणजे एजंटच, फक्त त्याला चेहरा नाही. आणि तिसरे ते, जे शोधायला गेलं की सगळ्यात वर "स्पॉन्सर्ड", म्हणजे जाहिरात, अशा बारीक शब्दासह येतात, हुबेहूब कंपनीसारखं नाव आणि रंग घेऊन. त्यातले काही निव्वळ फसवे. तसंच "कस्टमर केअर" म्हणून शोधून मिळालेल्या नंबरचं. जावयांना ऑनलाइनच करायचं असेल तर पत्ता स्वतः टाइप करून कंपनीच्या साइटवर जावं, एवढं पथ्य पाळायला सांगा. चुकून फसलातच तर पहिला फोन १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. त्यात जितकी मिनिटं वाया जातील तितका पैसा पुढे सरकलेला असतो. एकमेकांना दूषणं द्यायला नंतर वेळ आहेच.

साइटवर स्वतः बुकिंग करण्यात सुख असं की तारीख, नाव, जेवणाची पसंती, सगळं तुमच्या हातात. बदल करायचा तर तुम्हीच फोन करता. दुःखही तेच. तुमची चूक ही तुमचीच. नाव आधारशी जुळलं नाही, पोराची जन्मतारीख उलटी पडली, ओटीपी यायच्या वेळी लाईन गेली आणि खात्यातून पैसे वजा झाले पण बुकिंग झालं नाही, तर कॉल सेंटरचं संगीत ऐकत बसायचं काम तुमचं. नावाचं तर मी दहादा सांगते. देशातल्या देशात फिरणाऱ्या क्रूझला आधार चालतं, पासपोर्ट लागत नाही. पण आपल्याकडे एकाच बाईचं नाव आधारवर एक, मतदार यादीत दुसरं आणि बँकेत तिसरं. काकूंचं नाव आधारवर जसं इंग्रजीत छापलंय तसंच, अक्षराला अक्षर, घालायचं. तोंडी सांगू नका, कार्ड पाहून घाला. आणि उद्या श्रीलंका किंवा सिंगापूरची क्रूझ करायची झाली तर पासपोर्ट, व्हिसा आले. तिथे तर मी पहिल्यांदा जाणाऱ्या कुणालाही एजंटच घ्या म्हणेन.

एजंटच्या बाजूचा तोटा मात्र लोकांना फारसा माहीत नसतो, म्हणून सांगते. एकदा बुकिंग त्याच्या खात्यातून झालं की कंपनी तुमच्याशी सरळ बोलत नाही. फोन केला की उत्तर ठरलेलं असतं: "तुमच्या एजंटला विचारा." तारीख बदलायची, खोली बदलायची, सगळं त्याच्यामार्फत. आणि रद्द केलं तर परतावा आधी त्याच्या खात्यात येतो, मग तुमच्या. म्हणजे तुमचे पैसे काही दिवस त्याच्या घरी मुक्कामाला. माणूस सरळ असेल तर काही होत नाही. माणूस सरळ असूनही तंगीत असेल तर होतं. मी असे दोन-तीन जण पाहिले आहेत, ज्यांनी एकाच्या परताव्यातून दुसऱ्याचं तिकीट काढलं आणि मग तो गुंता त्यांना कधी सुटला नाही. वाईट नव्हते ते. दुकानाचं भाडं थकलं होतं.

म्हणूनच, गुरुजी, मोबाइल नंबरवर पैसे टाकायचे नाहीत. तो तुमचा विद्यार्थी आहे, तुम्ही त्याला पाढे शिकवलेत, हे सगळं खरं. तरी नाही. बागेचा अंबिया बहर व्यापाऱ्याला देताना तुम्ही इसार घेता, चिठ्ठी करता, आणि व्यापारी कितीही ओळखीचा असला तरी चिठ्ठी करताच. इथे इसार तुम्ही देणार, तेव्हा चिठ्ठी तुमच्या हातात पाहिजे. त्याला घरी चहाला बोलवा आणि सरळ म्हणा: "बुकिंग तुझ्याकडूनच करतो. पैसे तुझ्या फर्मच्या बँक खात्यात चेकनं देतो, बिल दे. आणि बुकिंग झालं की कंपनीचा बुकिंग नंबर आणि कंपनीकडून आलेलं कन्फर्मेशन, आमच्या सगळ्यांच्या नावांसह, मला पाठव." त्याच्या लेटरहेडवर छापलेलं व्हाउचर चालणार नाही. कंपनीचा नंबर पाहिजे. तो मिळाला की जावयांनी कंपनीला फोन करून एवढंच विचारायचं, की या नंबरवर या नावांच्या दोन खोल्या आहेत का आणि पैसे पूर्ण भरलेत का. तपशील बदलून देणार नाहीत, पण बुकिंग आहे की नाही हे बहुधा सांगतील.

चांगला पोरगा असेल तर तो यात अपमान मानणार नाही, उलट त्याचं काम सोपं होईल. त्यानं काचकूच केली, "गुरुजी, एवढा इश्वास नाही का?" असं काही म्हणाला, तर चहा संपवा, त्याच्या बायकोमुलांची चौकशी करा आणि बुकिंग जावयांना करू द्या. गावात तोंड चुकवावं लागलंच तर ते त्याला लागेल, तुम्हाला नाही.

मला विचाराल तर तुमच्या घरासाठी मी कामाची वाटणी करीन. खोली जावयांनी शोधायची. साइटवर प्रत्येक मजल्याचा नकाशा असतो, डेक प्लॅन म्हणतात त्याला. नकाशा आणि आकडे बघायला पुण्यातल्या पोरांना आवडतं. त्यांनी दोन खोल्यांचे नंबर काढायचे, आणि तेच नंबर विद्यार्थ्यानं बुक करायचे. एवढ्यावर दोघांचाही मान राहतो. हो, काकूंचे गुडघे कसे आहेत ते पत्रात नाही, पण साठीच्या पुढे आहेत असं धरून चालते: लिफ्टपासून फार लांब नको, अगदी खेटूनही नको, रात्रभर लोक हसत-बोलत उभे असतात. ज्यांना घाट चढताना एसटीत मळमळतं त्यांच्यासाठी जहाजाच्या मधोमध आणि खालचे मजले बरे, तिथे हलणं कमी जाणवतं. आणि बाथरूमच्या दाराशी उंच उंबरठा असतो. तो रात्री दिसत नाही, तेव्हा एक छोटी टॉर्च उशाशी ठेवा.

पैसे देण्याआधी रद्द करण्याचे नियम लेखी मागा. तारीख जितकी जवळ येते तितकी कपात वाढते, आणि अगदी शेवटच्या दिवसांत रद्द केलं तर हाती बहुधा काहीच येत नाही. एजंटची स्वतःची कपात त्यावर वेगळी असते का, तेही विचारा. "आजच भरा, उद्या भाव वाढतो" हे वाक्य विद्यार्थी म्हणेल, कंपनीच्या फोनवरची मुलगी म्हणेल, साइटवरची लाल पट्टीही म्हणेल. भाव खरंच वरखाली होतात. पण २६ जानेवारीला जोडून येणाऱ्या सुट्ट्या सोडल्या तर एका रात्रीत आभाळ कोसळत नाही. व्यवहार अगदीच फिसकटला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे वर्ध्यातच करता येते. मुंबईला खेटे घालायला नकोत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही.

रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, हे तुम्हाला माहीत असेलच. वर्ध्याहून विदर्भ किंवा सेवाग्राम एक्सप्रेस धरलीत तर थेट सीएसएमटीला उतराल, आणि बंदर तिथून टॅक्सीनं अगदी जवळ. पण जहाजाच्या दिवशी सकाळी पोचणारी गाडी धरू नका. गाडी चार तास लेट झाली तरी आपण हसतो, जहाज हसत नाही. चेक-इन सुटायच्या बरंच आधी बंद होतं. एक दिवस आधी जा, जावयांनाही पुण्याहून आदल्या रात्रीच बोलवा.

जेवणाची काळजी करू नका, शाकाहारी भरपूर असतं. दारू आणि इंटरनेट यांचे पैसे वेगळे. कॅसिनोकडे नातवंडांना फिरकू देत नाहीत, तुम्हीही फिरकू नका.

आणि एक विषयांतर. वर्ध्यात किंवा नागपुरात एखाद्या हॉटेलात "दांपत्यानं या, मोफत क्रूझ जिंका" असं बोलावणं आलं तर जाऊ नका. तीन तास बसवून क्लबची मेंबरशिप गळ्यात मारतात. जावई ज्यांना शिव्या देतात ते खरे हे लोक, आर्वीतला विमेवाला पोरगा नव्हे.

राहिली काकूंची खिडकी. नकाशात बघताना जावयांना सांगा, खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली नाही ना ते पाहा. तशी खोली स्वस्त मिळते, नावाला ओशन व्ह्यू, पण समोर नुसती होडीची कूस. आणि बाजू उजवी घ्या, तिला स्टारबोर्ड म्हणतात. मुंबई बंदरातून जहाज दक्षिणेला निघतं तेव्हा गेटवे आणि कुलाबा उजव्या हाताला राहतात. पुढे गोव्याकडे जाताना पश्चिमही उजवीकडेच, तेव्हा दिवस असेपर्यंत जहाज निघालं तर सूर्य काकूंच्याच काचेत मावळेल. परतताना तोंड उत्तरेला असतं, म्हणजे तीच काच पूर्वेला. पहाटे त्यांना उठवा.